ज्या कामाला रविवार नसतो

चर्चच्या पाळकाचा उपदेश कधी राहून जात नाही. मंगळवारी लिहायला घ्यायचा म्हटलेला शुक्रवारवर जातो, शुक्रवारचा शनिवारी रात्री उशिरा पुरा होतो, पण होतो. रविवारी सकाळी घंटा वाजते, बाकं भरतात, गीत संपतं, आणि समोर बसलेली माणसं बायबल उघडून वाट पाहतात. तिथे उभं राहून बोलावंच लागतं. प्रभुभोजन (येशूच्या आठवणीत भाकर मोडून वाटण्याचा विधी), बाप्तिस्मा, लग्न या सगळ्यांना तारीख असते. अंत्यविधीला तर तासांची मुदत. या कामांत चालढकलीला जागाच नाही.

राहून जातात ती रविवार नसलेली कामं. बरेच महिने उपासनेत न दिसलेल्या माणसाच्या घरी जायचं असतं. गावाकडच्या जमिनीवरून एकमेकांशी बोलणं टाकलेल्या दोन भावांना एकत्र बसवायचं असतं. दोघं एकाच मंडळीतले, म्हणजे एकाच चर्चचे सभासद, एकाचं कुटुंब डावीकडच्या बाकांवर, दुसऱ्याचं उजवीकडे, आणि प्रभुभोजनाच्या रविवारी दोघांतला एक हमखास गैरहजर. दहावीनंतर शब्बाथ शाळा, म्हणजे चर्चमधला मुलांचा रविवारचा वर्ग, सुटलेल्या मुलांशी निवांत बोलायचं असतं. ही कामं आज झाली नाहीत तर उद्या काही बिघडत नाही, परवाही नाही. वर्षभराने मात्र एक घर मंडळीतून गेलेलं असतं आणि ते नेमकं कोणत्या दिवशी गेलं, हे कोणालाच सांगता येत नाही.

पुण्यातल्या एका मराठी मंडळीचा मी पाळक आहे. मंडळीची वाढ या विषयावर शिबिरं होतात, पत्रकं निघतात, कमिटीच्या बैठकीत तक्ते दाखवले जातात. पाळकाची टाळाटाळ हा विषय कोणी काढत नाही, पाळकही नाही. माझ्या मते ते दोन विषय वेगळे करताच येत नाहीत.

याला आळस म्हणून मोकळं होता येत नाही, कारण भेट टळते त्या दिवशी पाळक रिकामा बसलेला नसतो. दफनभूमीच्या कागदांसाठी महापालिकेत जाऊन आलेला असतो. ऑडिट झालेले हिशेब धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात द्यायचे असतात. महिला मंडळाची सहल, तरुण संघाचं नाटक, गळणारं छप्पर, बिघडलेला माइक, बाप्तिस्म्याचा जुना दाखला हवा म्हणून दारात उभा असलेला कोणाचा तरी नातू. यातलं एकही काम खोटं नाही. म्हणूनच त्यांच्या आड लपणं इतकं सोपं असतं, आणि आपण लपलो आहोत हे स्वतःलाही कळत नाही.

जुन्या काळी हे फार बारकाईने पाहणारे लोक होऊन गेले. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात एकांतवासात राहणाऱ्या ख्रिस्ती संन्याशांमध्ये इव्हाग्रियस नावाचे एक साधक होते. भर दुपारी मनाला येणाऱ्या एका मरगळीचं त्यांनी वर्णन केलं आहे. सूर्य जागचा हलत नाहीसा वाटतो, संन्यासी सारखा बाहेर डोकावतो, जेवणाची वेळ किती लांब आहे ते बघतो, कोणी बंधू इकडे येतोय का ते बघतो. पुढे पाचव्या शतकात जॉन कॅसियन यांनी त्यात एक विलक्षण तपशील नोंदवला. अशा वेळी त्या माणसाला वाईट काही सुचत नाही, चांगलीच कामं सुचतात. अमक्या आजारी बंधूला भेटून यावं, तमक्या निराधार बाईची विचारपूस करावी. आणि असं करता करता ज्या प्रार्थनेसाठी तो तिथे बसलेला असतो ती बाजूला राहते.

मी पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा बराच वेळ पुढे वाचवेना. त्या संन्याशाचं मूळ काम खोलीत बसण्याचं होतं आणि त्याच्या मनाने शोधलेला बहाणा भेटींचा होता. पाळकाचं उलटं आहे. आमचं मूळ काम दारोदार जाण्याचं आणि आमच्या मनाला सापडलेला बहाणा खोलीत बसण्याचा. मरगळ तीच. मन ज्या गोष्टीला घाबरतं तिच्याऐवजी तिच्याइतकीच आदरणीय दुसरी गोष्ट पुढे करतं.

पाळक घरभेटीला घाबरतो म्हटलं तर लोकांना पटणार नाही. इतक्या लोकांसमोर उभा राहून बोलणारा माणूस एका दारावरची बेल दाबायला कचरेल कसा? पण रविवारी मी बोलतो आणि मंडळी ऐकते. घरी गेल्यावर मंडळी बोलते आणि मी ऐकतो. तिथे तयारी करून जाता येत नाही. सोफ्यावर टेकल्यावर पहिली दहा मिनिटं मुलांच्या परीक्षा, पाणी येतं का, गावाकडे पाऊस कसा आहे. मग मावशी पदर सावरून म्हणतात, “पाळकसाहेब, एक विचारू का?” त्यानंतर जे येतं त्याला माझ्याकडे बहुतेक वेळा उत्तर नसतं. लग्न मोडलेली मुलगी आतल्या खोलीत असते. मुलगा दारू सोडतो म्हणतो आणि सोडत नाही. “आम्ही काय पाप केलं होतं हो?” या प्रश्नावर धर्मशास्त्राच्या कॉलेजात लिहिलेली उत्तरपत्रिका कामाला येत नाही.

एका तरुणाने मला शांतपणे सांगितलेलं वाक्य अजून मनात आहे. हिंजवडीत नोकरी, बाणेरला भाड्याची खोली. तो म्हणाला, “मी यायचं बंद केलं ते कोणाला कळलंसुद्धा नाही. कळावं म्हणून मी बरेच दिवस वाट पाहिली.” त्याच्या आवाजात राग नव्हता. तो दुसऱ्या कुठल्या मंडळीत गेलेला नव्हता, श्रद्धाही सोडलेली नव्हती. तो फक्त थांबला होता. मंडळीची संख्या का घटते याची कारणं शोधताना आपण इंग्रजी उपासनांकडे, मोठ्या वाद्यवृंदांच्या नव्या मंडळ्यांकडे बोट दाखवतो. काही कुटुंबं तिकडे जातात, हे खरं आहे. पण कुठेच न गेलेली, नुसती थांबलेली माणसं माझ्या यादीत जास्त आहेत.

शहर बदललं हेही नाकारता येत नाही. पुण्यात ख्रिस्ती वस्ती जुनी आहे. क्वार्टर गेटजवळचं सिटी चर्च १७९२ सालचं, पेशव्यांनी दिलेल्या जागेवर उभं राहिलेलं. कॅम्पातलं सेंट मेरीज १८२५ चं. गुरुवार पेठेत पंचहौद मिशनचं पवित्र नाम देवालय आणि त्याचा तो उंच घंटामनोरा. या देवळांभोवती, रास्ता पेठ, नाना पेठ, सोमवार पेठ, घोरपडी, खडकी इथल्या चाळींत आणि रेल्वेच्या, लष्कराच्या क्वार्टरांत आमची माणसं राहायची. म्हातारे सभासद सांगतात, त्या काळचे पाळक संध्याकाळी सायकल काढायचे आणि अंधार पडेपर्यंत चार घरं करून परत यायचे. दार उघडंच असायचं, ते वाकून आत यायचे.

आता त्याच कुटुंबांची पुढची पिढी वाघोलीत, उंड्रीत, मोशीत, तळेगावला आहे. चाळीतल्या दोन खोल्यांतून आईवडील स्वतःच्या फ्लॅटमध्ये गेले याचा मला मनापासून आनंद आहे. किती खस्ता खाऊन ते घर झालंय हे मी पाहिलेलं आहे. पण संध्याकाळी सहानंतर नगर रस्त्याने वाघोलीला जायचं म्हणजे त्या दिवशी तेवढी एकच भेट. शिवाय आता सहज डोकावता येत नाही. सोसायटीच्या गेटवर नाव, मोबाईल नंबर, फ्लॅट नंबर द्यायचा, वरून होकार आला की मग लिफ्ट. म्हणून आधी फोन करावा लागतो, आणि पाळकाचा फोन आला की पलीकडून काळजीचा आवाज येतो, “काही विशेष?” काही विशेष नसताना जाण्यातच घरभेटीचा सगळा अर्थ होता. तो फोनवर मांडता येत नाही. मग आपण म्हणतो, नाही, सहजच, बघू पुढच्या आठवड्यात. आणि त्यांना व्हॉट्सॲपवर एक वचन पाठवतो.

कोणाच्या घरी जाऊन चहा घेणं ही या शहरात कधीच साधी गोष्ट नव्हती. १८९० साली पंचहौद मिशनमध्ये रानडे, टिळक आणि पुण्यातली इतर प्रतिष्ठित मंडळी चहाला गेली. त्यांची नावं वर्तमानपत्रात छापून आली, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, प्रायश्चित्तं घ्यावी लागली. शाळेच्या इतिहासात ही हकिगत एक गंमत म्हणून सांगितली जाते. मला ती कधीच गंमत वाटली नाही. कोण कोणाच्या हातचं घेतं, यावर इथे माणसाची किंमत ठरत होती, आणि ते सगळं एका पिढीत पुसलं जात नाही. ख्रिस्ती मंडळीतही नाही. पाळकसाहेब कोणाकडे जेवायला थांबतात आणि कोणाकडे फक्त प्रार्थना करून उठतात, हे लोकांच्या बरोबर लक्षात राहतं. सोयरीक जुळवताना मूळ गाव आणि जुनं आडनाव अजून विचारलं जातं. म्हणून कोणाच्या दारात जायचं राहिलं याचा हिशेब नुसत्या वेळेचा नसतो. मन कुठली घरं सहज पुढे ढकलतं, हे पाळकाने स्वतःला विचारत राहायला हवं.

मंडळीच्या वाढीच्या अभ्यासाची सुरुवात याच मुद्द्याजवळ झाली. डॉनल्ड मॅकगॅव्हरन हे या विषयातलं जगभर मोठं नाव. त्यांचा जन्म १८९७ साली मध्य भारतात, दमोहला झाला आणि मिशनरी म्हणून त्यांनी कितीतरी वर्षं तिथेच काम केलं. श्रद्धा एकेका सुट्या माणसाकडे न जाता नात्यागोत्यातून, भावकीतून पसरते, हे त्यांनी भारतातली गावं बघून मांडलं. जात, भाषा, वर्ग यांच्या भिंती ओलांडाव्या न लागता ख्रिस्ती होणं लोकांना आवडतं, असंही ते म्हणाले. ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं होतं. नगर जिल्ह्यातल्या आणि मराठवाड्यातल्या कितीतरी मंडळ्या वाड्यावस्त्यांवरून, सोयऱ्याधायऱ्यांतून अशाच उभ्या राहिल्या, आणि आज पुण्यातल्या मराठी मंडळ्यांतली पुष्कळ आडनावं तिथलीच आहेत. पण लोक कसे येतात याचं निरीक्षण वेगळं आणि मंडळी कशी बांधावी याचा नियम वेगळा. आपापल्या सारख्यांनी एकत्र बसावं हा नियम केला तर प्रभूच्या मेजावर एकच भाकर कशासाठी मोडायची? सोपी वाढ मिळत असेल तरीही ती मी घेणार नाही.

आकड्यांबद्दल थोडक्यात सांगतो. हजेरी मोजणं वाईट नाही. येशूच्या दृष्टांतातला मेंढपाळ आपली शंभर मेंढरं मोजत होता म्हणून तर एक कमी आहे हे त्याला कळलं. पण २०२० नंतर उपासना मोबाईलवर दिसू लागल्या आणि किती जणांनी बघितलं हा आकडा कमिटीच्या अहवालात येऊ लागला. त्या आकड्यातल्या कोणाचं नाव घेऊन प्रार्थना करता येत नाही. मला तो अहवालात नको वाटतो.

मी पंडिता रमाबाईंकडे पुन्हा पुन्हा जातो, आणि त्याचं कारण हेच, की घाई कधी करायची आणि धीर कधी धरायचा हे त्यांना कळत होतं. त्यांनी केडगावला जमीन घेतली ती विधवा मुलींसाठी काढलेल्या शारदा सदनाला उत्पन्न मिळावं म्हणून, फळबागेसाठी. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातल्या मुलींचे हाल त्यांनी ऐकले आणि त्या स्वतः उठून तिकडे गेल्या. शेकडो मुलींना ठेवण्याची व्यवस्था आधीपासून झालेली होती असं मुळीच नाही. मुली आल्या आणि बागेच्या जागी मुक्ती सदन उभं राहिलं. त्याच बाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचं साध्या मराठीत भाषांतर करायला घेतलं तेव्हा त्या कामाला वर्षांमागून वर्षं दिली. १९२२ साली त्या गेल्या, तोवर त्या त्याच कामावर होत्या. सदनातल्याच मुलींनी छापखाना चालवला. कोणी उपाशी आहे म्हटल्यावर त्यांनी वेळ बघितली नाही, आणि शब्द नीट बसावा म्हणून स्वतःचं उरलेलं आयुष्य दिलं. आमचं बहुतेक वेळा उलटं होतं. छपाईची, सजावटीची घाई आणि माणसांच्या बाबतीत “बघू”.

बायबलमध्ये थांबणं दोन प्रकारचं आहे. आपला मित्र लाजार आजारी आहे हे कळल्यावरही येशू दोन दिवस होता तिथेच राहिला. तो पोहोचला तेव्हा लाजाराला कबरेत ठेवून चार दिवस झाले होते. लाजाराची बहीण मार्था हिने त्याच्या तोंडावर सांगितलं, तू इथे असतास तर माझा भाऊ मेला नसता. हे वाक्य प्रत्येक पाळकाने कधी ना कधी ऐकलेलं असतं. येशू तिच्यावर चिडला नाही. तो कबरेपाशी रडला. आणि ज्या यहूदियात लोक त्याला दगड मारायला टपले होते तिथे, शिष्य नको म्हणत असताना, तो चालत आलेला होता.

दुसरा थांबणारा प्रेषितांच्या कृत्यांमधला सुभेदार फेलिक्स. त्याच्या कैदेत असलेला प्रेषित पौल त्याच्यासमोर नीतिमत्त्व, संयम आणि पुढे होणारा न्याय यांबद्दल बोलला तेव्हा तो घाबरला आणि म्हणाला, आता जा, सवड मिळाली की बोलावीन. पुष्कळांना हा भाग इथवरच आठवतो. पण पुढे लिहिलं आहे की त्यानंतर त्याने पौलाला अनेकदा बोलावून घेतलं. मनात लाच मिळण्याची आशा होती, तरी तो बोलत राहिला. अशी दोन वर्षं गेली, फेलिक्सची बदली झाली आणि पौल तुरुंगातच राहिला. मला यातलं अनेकदा बोलावणं सगळ्यात भयंकर वाटतं. विषय बंद केलेला नव्हता. चर्चा चालू होती. रोज एक सही करून जो माणूस सोडता आला असता तो आत होता आणि त्याच्याशी धर्मावर संवाद होत होता. मंडळीच्या वाढीवरची आमची कितीतरी चर्चासत्रं आठवली की मला हा उतारा आठवतो. दोन भावांच्या भांडणावर कमिटीत वर्षभर बोलता येतं. दोघांच्या दारात जाऊन “या रविवारी माझ्याबरोबर बसा” म्हणायला एक संध्याकाळ लागते.

लूकच्या तेराव्या अध्यायातल्या अंजिराच्या झाडाबद्दलही मी अलीकडे वेगळा विचार करतो. तीन वर्षं फळ नाही म्हणून मालक झाड तोडायला सांगतो. माळी म्हणतो, हे एक वर्ष राहू द्या, मी भोवती खणतो, खत घालतो. आम्ही धीर धरण्यावर उपदेश करतो तेव्हा “राहू द्या” एवढंच सांगतो. माळ्याने मुदत मागितली ती खणण्यासाठी. आणि खणूनही फळ येईलच असं तो म्हणत नाही. पौलाने करिंथकरांना तेच लिहिलं, मी लावलं, अपुल्लोसाने पाणी घातलं, वाढ देवाने दिली. वाढ आपल्या हातात नाही हे पाळकाला एकदा खरोखर पटलं की बेल दाबणं सोपं जातं. त्या दारातून आपल्याला काही जिंकून आणायचं नसतं. कॅसियनच्या संन्याशाला जी मरगळ यायची तिच्या मुळाशी, मला वाटतं, हीच भीती होती की मी इतकं करतोय आणि काहीच दिसत नाही.

आमच्याकडे आता बुधवारची संध्याकाळ बांधून घेतली आहे. बैठक नाही, सराव नाही, लग्नाची बोलणी नाहीत. हजेरीवहीत जे दिसत नाहीत त्यांच्यापैकी एका घरी जायचं. मी एकटा जात नाही. कमिटीतल्या एक ज्येष्ठ बाई बरोबर असतात, निवृत्त नर्स. त्यांना बरोबर घेण्याचं कारण साधं आहे. त्या सहा वाजता तयार होऊन उभ्या असतात आणि मला टाळता येत नाही. शिवाय घरातल्या बायका माझ्याशी जे बोलत नाहीत ते त्यांच्याशी बोलतात. पूर्वी गावोगावच्या बायबलबाई हेच काम करायच्या. पायी जायच्या, चुलीपाशी बसायच्या, आणि मंडळ्यांच्या इतिहासात त्यांची नावंही नीट लिहिली गेली नाहीत. मला विचाराल तर मराठी ख्रिस्ती मंडळीच्या वाढीचा मोठा वाटा त्यांचा आहे.

याने हजेरी वाढली का, असं मला सहकारी पाळक विचारतात. थोडी. काही जण आले, काहींनी दार उघडलं, चहा दिला आणि आले नाहीत. दोन भावांपैकी थोरला आता प्रभुभोजनाच्या रविवारी येतो, धाकट्याशी बोलणं अजून व्हायचं आहे. त्यासाठी बहुतेक गावी जावं लागेल, कारण धाकटा म्हणतो की जमिनीचं जमिनीवरच उभं राहून बोलू. जाईन.

हे वाचणाऱ्यांत कुठल्या ना कुठल्या मंडळीचे सभासद असतील, म्हणून एक विनंती. घरात कोणी आजारी असलं, ससूनला किंवा कुठे ॲडमिट असलं, तर पाळकाला कोणीतरी कळवलं असेल असं धरून बसू नका. प्रत्येकाला तसंच वाटतं, त्यामुळे कोणीच कळवत नाही. मग पाळक आले नाहीत हे दुःख घरात वर्षानुवर्षं राहतं आणि पाळकाला त्याचा पत्ताही नसतो. आपल्या शेजारचं कुटुंब बरेच रविवार दिसलं नाही तर तेही सांगा, आणि शक्य असेल तर आमच्याआधी तुम्हीच जा. फोन करायला रात्रीचे अकरा वाजले असले तरी चालेल.